सह्याद्रीचा नकाशा कोणाच्या दप्तरी?

सह्याद्रीचे चौकोन पाडता येतात, ही कल्पनाच प्रथमदर्शनी काहीशी विपरीत वाटते. ज्या पर्वताची एक धार दुसरीला जुमानत नाही, ज्याच्या खोऱ्यात सदाहरित वनाची घनदाट सावली असते आणि त्याच खोऱ्याच्या माथ्यावर जांभ्याचा उघडा सडा पसरलेला असतो, त्याच्यावर अक्षांश-रेखांशांची पाच-पाच मिनिटांची जाळी टाकायची, सुमारे नऊ किलोमीटर लांब आणि तितक्याच रुंद अशा दोन हजारांहून अधिक घरांत त्याची वाटणी करायची आणि प्रत्येक घराला एक ते दहा असे गुण द्यायचे, हा उद्योग जमाबंदी खात्याला शोभेल, निसर्गाच्या उपासकाला कसा शोभावा, असे कोणी म्हटले तर ते एकदम खोडून काढता येणार नाही. तरीही ४ मार्च २०१० रोजी केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली जो पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गट नेमला, त्याने नेमके हेच केले. आणि त्या गटाच्या शिफारशींवर आजवर जेवढी शाई खर्ची पडली, तिच्या दशांशानेही जर या चौकोनांची चर्चा झाली असती तर पुढचा पुष्कळसा कलह टळला असता, असे माझे मत आहे. शिफारशीला मान डोलवावी किंवा हलवावी, एवढेच आपल्या हाती असते. चौकोनाला मिळालेला गुण कशावरून दिला, हे मात्र विचारता येते, आणि साधने हाती असतील तर विचारणाऱ्याला तो स्वतःच मोजून पाहता येतो.

गुण द्यायच्या कसोट्या काही गूढ नव्हत्या. त्या चौकोनात केवळ पश्चिम घाटातच आढळणाऱ्या वनस्पतींच्या जाती किती, संकटग्रस्त म्हणून नोंदलेले सस्तन प्राणी किती, शोलासारख्या विरळा वनप्रकाराने किती टक्के भूमी व्यापली आहे, अखंड आणि अल्पोपद्रुत जंगल किती, समुद्रसपाटीपासूनची उंची किती, उतार किती तीव्र, नदीकाठचे वन किती शिल्लक, असे ते साधे प्रश्न होते. त्यांची उत्तरे देशातल्या निरनिराळ्या संशोधनसंस्थांच्या कपाटांत दशकानुदशके विखुरलेली होती. ती एका जागी आणून, एकाच मापात बसवून, संगणकीय नकाशाच्या थरांत रचण्याचे काम गटाने केले, आणि त्याची पद्धती जानेवारी २०११ च्या ‘करंट सायन्स’मध्ये, म्हणजे अहवाल पुरा होण्याच्या कितीतरी आधी, छापून टाकली. गुणांच्या सरासरीवरून तालुक्यांना तीन प्रतींची संवेदनशीलता बहाल झाली. एकंदर १,४९० किलोमीटर लांबीचा आणि १,२९,०३७ चौरस किलोमीटर क्षेत्राचा हा प्रदेश सहा राज्यांत पसरलेला, महाराष्ट्रात तो अवघा ४८ किलोमीटर इतका अरुंद होतो, तर तमिळनाडूत २१० किलोमीटरपर्यंत रुंदावतो. तालुक्याला दिलेला रंग तात्पुरता समजावा, पक्की हद्द पाणलोट आणि गावशीव पाहून ग्रामसभांशी विचारविनिमय केल्यावरच ठरवावी, असे गटाने स्वतःच लिहून ठेवले होते. नकाशा हा संभाषणाचा आरंभ असावा, अशी ती योजना होती.

संभाषण सुरू होण्यापूर्वीच नकाशा कुलपात गेला. ३१ ऑगस्ट २०११ रोजी मंत्रालयाला सादर झालेला अहवाल पुढे जवळजवळ नऊ महिने कोणाही नागरिकाच्या दृष्टीस पडला नाही. अतिरप्पिल्ली जलविद्युत प्रकल्पाविषयी गटाने काय म्हटले आहे एवढेच जाणू पाहणाऱ्या केरळातील एका नागरिकाने माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला, तेव्हा अहवाल अद्याप अंतिम नाही, राज्यांशी विचारविनिमय चालू आहे, तो उघड झाल्यास राष्ट्राच्या आर्थिक हितसंबंधांना बाध येईल, अशी कारणे पुढे करण्यात आली. केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी ९ एप्रिल २०१२ रोजी ती अमान्य केली. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेथे १७ मे रोजी पराभूत झाले, आणि २३ मे रोजी अहवाल एकदाचा संकेतस्थळावर आला. या नऊ महिन्यांचा हिशेब कोणी मांडला नाही. कोकणातल्या आणि केरळातल्या गावोगावी तोवर सांगून झाले होते की आता घराला नवा गिलावा करायचा तरी दिल्लीची परवानगी लागेल, गुरे डोंगरावर सोडता येणार नाहीत, काजूची कलमे तोडावी लागतील. ज्याने अहवाल वाचला नाही त्याने तो न वाचलेल्याला समजावून सांगितला, आणि ज्याला खोटे ठरवायचे त्याच्याजवळ मूळ कागदच नव्हता.

या गुप्ततेचे मूळ मात्र एखाद्या मंत्र्याच्या वा सचिवाच्या लहरीत शोधू नये. ते फार जुने आहे. आपल्याकडे आधुनिक नकाशा जन्मला तोच मुळी सारा आणि सैन्य या दोन गरजांपोटी. १७६७ साली स्थापन झालेला सर्वेक्षण विभाग लष्करी अधिकाऱ्यांच्या हाताखाली वाढला, आणि १८०२ मध्ये लॅम्बटनने मद्रासजवळ ज्या त्रिकोणमितीय मोजणीचा प्रारंभ केला तिची प्रतिष्ठा काहीही असो, तिचे कागद रयतेसाठी नव्हते. दुसरीकडे १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या हातून मुंबई इलाख्याच्या शेतवार मोजणीची जी घडी बसली, तिच्यातून गावनकाशा निपजला, ज्यावर शेताची हद्द होती, आकारणीची प्रत होती, पण डोंगराचा उतार नव्हता आणि ओढ्याचा पूर नव्हता. स्वातंत्र्यानंतर लष्करी संकोच कमी व्हावा तर तो वाढलाच. भूसीमेलगतच्या आणि सागरकिनाऱ्यालगतच्या रुंद पट्ट्याचे तपशीलवार नकाशे ‘निर्बंधित’ ठरले, आणि समुद्र व घाटमाथा यांच्यामधला अवघा कोकण त्या पट्ट्यात सामावला. चिपळुणातल्या शिक्षकाला आपल्याच गावामागच्या डोंगराच्या समोच्चरेषा पाहायच्या तर अर्ज, शिफारस, हमीपत्र आणि दीर्घ प्रतीक्षा यांना पर्याय नव्हता.

मग एक चमत्कारिक गोष्ट घडली. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एका अंतराळयानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती घिरट्या घालून भूपृष्ठाची उंची मोजली, आणि ती आकडेवारी जगात कोणालाही फुकट मिळू लागली. २००५ साली ‘गूगल अर्थ’ आले. २००८ मध्ये लॅंडसॅट उपग्रहांचे संपूर्ण दप्तर विनामूल्य खुले झाले. आपल्या इस्रोचे ‘भुवन’ हे संकेतस्थळ ऑगस्ट २००९ मध्ये प्रकटले. ज्या डोंगराचा नकाशा सर्वेक्षण विभागाच्या देहरादून कचेरीतून मागवायला चारित्र्याचा दाखला लागावा, तो डोंगर चिपळूणच्या सायबर कॅफेत दहा रुपये तासाने दिसू लागला. आमच्या प्रशासनाला हे उमगायला आणखी दीड तप जावे लागले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करासाठी एक आणि जनतेसाठी एक अशा दोन मालिका केल्या. २०१६ मध्ये तर परवान्यावाचून भौगोलिक माहिती बाळगणाऱ्याला शंभर कोटी रुपयांपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कारावास सुचवणाऱ्या विधेयकाचा मसुदा निघाला, तो टीकेच्या भडिमारात सुदैवाने विरला. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अखेर पूर्वपरवानगीची अट काढून टाकली, आणि सरकारी पैशाने निर्माण झालेली माहिती भारतीय नागरिकांना व संस्थांना उपलब्ध असावी हे तत्त्व कागदावर तरी मान्य केले.

कागदावर, असे मी हेतुतः म्हणतो. २०१७ मध्ये सर्वेक्षण विभागाने ‘नक्शे’ नावाच्या संकेतस्थळावरून एकास पन्नास हजार प्रमाणाचे नकाशे विनाशुल्क देण्यास आरंभ केला, ही स्वागतार्हच घटना होती. पण जे हाती आले ते पीडीएफच्या साच्यातले चित्र होते, आणि चित्र व माहिती यांतला भेद ध्यानात घेतल्यावाचून या विषयाचे मर्म कळणार नाही. चित्र पाहता येते, छापून भिंतीवर लावता येते. त्यातला ओढा वेगळा काढता येत नाही, त्यावर खाणपट्ट्याची हद्द ठेवून कोणत्या झऱ्याला धक्का पोचतो हे मोजता येत नाही. नियोजन म्हणून जे काही असते ते थरावर थर ठेवूनच होते: उतारावर पाऊस, पावसावर माती, मातीवर वस्ती. हे थर जोवर दप्तरात आणि केवळ त्यांचे छायाचित्र जनतेत, तोवर पारदर्शकतेचा देखावा उत्तम वठतो आणि पडताळणी अशक्यच राहते.

गाडगीळ अहवालानंतर नेमलेल्या कस्तुरीरंगन गटाने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले आणि एक मागे, असे म्हणावे लागेल. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साहाय्याने त्यांनी चोवीस मीटर इतक्या सूक्ष्म उपग्रहचित्रांवरून काम केले. नऊ किलोमीटरच्या चौकोनापुढे ही केवढी तरी प्रगती. एप्रिल २०१३ च्या अहवालात त्यांनी, स्वतः अधिक व्यापक आखलेल्या पश्चिम घाटाच्या सुमारे ३७ टक्के, म्हणजे जवळजवळ साठ हजार चौरस किलोमीटर क्षेत्राला संवेदनशील ठरवले आणि चार हजारांहून अधिक गावांची यादी जोडली, ज्यांत महाराष्ट्राची गावे दोन हजारांच्या वर होती. पण ग्रामसभेशी बोलून हद्द ठरवण्याची कल्पना मागे पडली, आणि गावकऱ्याच्या हाती आली ती निव्वळ यादी: आपले गाव आत किंवा बाहेर. गाव आत असले तर कोणता डोंगर, कोणती देवराई, कोणता गट क्रमांक आणि कशापायी, याचा उलगडा यादी करीत नाही. तो करायचा म्हटला तरी सोपा नाही, कारण शंकू-साखळीने मोजलेल्या आमच्या जुन्या गावनकाशाला अक्षांश-रेखांशच नसतात. उपग्रहचित्रावर तो ठेवू पाहावे तर बांध ओढ्यात जातो आणि विहीर शेजाऱ्याच्या गटात. ही जुळवणी करणे हे भूमी अभिलेख खात्याचे किचकट काम आहे, आणि त्याविना पर्यावरणाचा कुठलाही नकाशा सातबाऱ्यापर्यंत पोचत नाही. केरळाने ती खटपट केली. तेथील सरकारच्या समितीने गावोगावच्या भूमापन नकाशांवर हद्दी उतरवल्या, आणि त्या राज्याचे संवेदनशील क्षेत्र १३,१०८ चौरस किलोमीटरवरून ९,९९३ वर आले. पर्यावरणवादी मित्रांना ही घट बोचते, हे मी जाणतो. तीत लोकानुनय किती आणि अचूकपणा किती हा वादाचा विषय आहे. पण तो वाद गट क्रमांक समोर ठेवून घालता येतो, हेही काही थोडके नाही.

केरळाचाच दुसरा प्रसंग अधिक बोधप्रद आहे, म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो. ३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानाभोवती किमान एक किलोमीटरचा संवेदनशील पट्टा असावा असा आदेश दिला, आणि त्या पट्ट्यात किती घरे, दुकाने, देवळे, शाळा आहेत याची मोजदाद राज्यांकडून मागवली. केरळाने ती उपग्रहावरून केली. त्या वर्षाच्या डिसेंबरात राज्याच्या सुदूर संवेदन केंद्राचा अहवाल संकेतस्थळावर प्रसिद्ध झाला. त्यात एकोणपन्नास हजारांच्या आसपास बांधकामे नोंदली होती. गावोगावी लोकांनी तो नकाशा उघडून पाहिला आणि त्यांना आपले घर दिसले नाही. नारळ, फणस, आंबा, रबर यांच्या छत्राखाली वसलेले केरळी घर आकाशातून हिरवेच दिसते, ही गोष्ट तेथल्या शाळकरी मुलालाही सांगता आली असती. मोठा क्षोभ उसळला. इडुकी, वायनाड येथले मळेवाले शेतकरी आणि धर्मगुरू रस्त्यावर आले. मग पंचायतींत मदतकेंद्रे उघडली गेली, वगळलेली बांधकामे छायाचित्रासह कळवण्याची सोय झाली, प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी झाली आणि आकडा पुष्कळच फुगला. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सरसकट आदेश शिथिल केला. या प्रसंगाकडे बोट दाखवून मला एका निवृत्त अधिकाऱ्याने विचारले होते की बघा, नकाशा उघडा केल्याचा काय परिणाम झाला! मला तो प्रसंग नेमका उलट दिसतो. नकाशा चुकीचा होता. उघडा केला म्हणून ते सात दिवसांत कळले. दप्तरात राहता तर तोच न्यायालयात पुरावा म्हणून सादर झाला असता आणि हजारो घरे अस्तित्वातच नाहीत असे गृहीत धरून निर्णय झाला असता.

गोव्याने हा धडा आधीच गिरवला होता. २००६ साली अधिसूचित झालेल्या प्रादेशिक आराखड्यात बागायती आणि डोंगरउतरणी वस्तीच्या रंगात कशा रंगल्या आहेत, हे जुने-नवे नकाशे ताडून पाहिल्यावर नागरिकांच्या ध्यानात आले, आणि त्या आंदोलनापुढे सरकारला २००७ च्या प्रारंभी तो मागे घ्यावा लागला. पुढच्या आराखड्यासाठी चार्ल्स कोरिया यांच्या नेतृत्वाखाली कृतिदल बसले आणि गावपातळीवरचे नकाशे पंचायतींपुढे हरकतींसाठी ठेवले गेले, ही आपल्याकडे दुर्मीळच म्हणायची घटना. किनारी विभाग व्यवस्थापनाच्या नकाशांचे मात्र तसे झाले नाही. चेन्नईच्या संस्थेने तयार केलेल्या मसुद्यात रेतीच्या टेकड्या, खाजन जमिनी, मच्छीमारांचे वाडे गळाले आहेत, अशी गावोगावची तक्रार होती. मार्च २०२१ च्या जनसुनावणीत म्हणणे मांडायला पुरेसा अवकाश मिळाला नाही म्हणून प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले, आणि जुलैत सुनावणी पुन्हा घ्यावी लागली. होडी कोठे ओढून ठेवतात आणि जाळे कोठे वाळवतात हे उपग्रहाला कळत नाही, ते रापणकाराला कळते. आणि त्याचे सांगणे नकाशावर नोंदवण्याची रीत नसेल तर सुनावणी हा केवळ उपचार होतो.

उलट टोकाचे उदाहरण आमच्याच रायगड जिल्ह्यातले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या उतारावरची ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे शासनानेच सांगितले. २०१४ ची माळीणची आणि २०२१ ची तळियेची दरड यांच्यानंतर याद्या झाल्या नव्हत्या असे नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशाच्या डोंगराळ प्रदेशाचे दरडप्रवणतेचे नकाशे सिद्ध केले आहेत आणि ते ‘भूकोश’ या संकेतस्थळावर पाहायलाही मिळतात. पण त्यांचे प्रमाण एकास पन्नास हजार. म्हणजे शंभर मीटर लांबीची वाडी त्यावर दोन मिलिमीटरची, तांदळाच्या कणीएवढी. शिवाय आमच्या प्रशासनात एकक मौजे हे असते, वाडी नव्हे. दहा वाड्यांचे मिळून एक मौजे, आणि मौजेचे चावडीचे ठिकाण सपाटीवर. नाव मौजेचे, धोका वाडीला. त्या नकाशावरचा लाल पट्टा आणि आपल्या वाडीची जागा एकाच पडद्यावर, मराठी नावांनिशी, तलाठ्याच्या वा ग्रामसेवकाच्या समोर असती तर ती रात्र टळली असती, असा दावा मी करणार नाही. मात्र पावसाच्या इशाऱ्यासरशी कोणाला आधी खाली आणायचे, हा प्रश्न विचारायला एक जागा तरी निर्माण झाली असती.

सगळा नकाशा उघडा करण्याला सुज्ञांचाही एक आक्षेप आहे, आणि तो भीतीपोटी घेतलेला नसल्यामुळे त्याला उत्तर दिले पाहिजे. दुर्मीळ ऑर्किड कोठे फुलते, गिधाडाचे घरटे कोणत्या कड्यावर आहे, हे अचूक अक्षांशासह जाहीर केले तर चोरट्यांचेच फावेल. हे खरे आहे. आणि म्हणूनच जैवविविधतेची नोंद करणारी शहाणी संकेतस्थळे अशा जातींचे ठिकाण मुद्दाम धूसर करून दाखवतात. धूसर करणे आणि दडवणे यांत फरक आहे. दुसरा आक्षेप असा की जमिनीचे दलाल याच माहितीच्या आधारे उद्याच्या रस्त्यालगतच्या जमिनी आज बळकावतील. याला माझे उत्तर थोडे कडवट आहे: दलालाला नकाशा कधीच वर्ज्य नव्हता. विकास आराखड्याची प्रत जाहीर होण्याच्या आधी ती कोणाच्या हाती असते, हे कोणत्याही तालुक्याच्या गावी चहाच्या टपरीवर विचारावे.

भाषेचा प्रश्न यातून वगळता येत नाही. पर्यावरण परिणाम मूल्यमापनाच्या २०२० च्या मसुद्याचे राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील सर्व भाषांत भाषांतर करावे, असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले, यावरून सामान्य स्थिती कळून येते. पश्चिम घाटाच्या अधिसूचनेचा मसुदा मार्च २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत सहा वेळा निघाला. त्यातले क्षेत्र ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यांपैकी महाराष्ट्राचे १७,३४०, गोव्याचे १,४६१. प्रत्येक वेळी मुदत साठ दिवसांची, राजपत्र हिंदी आणि इंग्रजी, आणि हरकती दिल्लीस पाठवायच्या. सहावा मसुदा निघाला तो ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला दरडीने पुसून टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी.

लोकांना निर्बंध नकोच असतात, हे गृहीतकही तपासून पाहण्याजोगे आहे. गाडगीळ गट काम करीत होता तेव्हाच सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पंचवीस गावांच्या ग्रामसभांनी आपले गाव संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करावे, असे ठराव केले होते. कळणे गावची लोहखनिजाची खाण त्यांनी पाहिली होती. पाण्याचे झरे कोठून येतात आणि लाल गाळ कोठे उतरतो, हे त्यांना कोणी नकाशावर दाखवायची गरज नव्हती. सावंतवाडी-दोडामार्गचा हा टापू म्हणजे गोवा-कर्नाटकच्या जंगलांना राधानगरी-चांदोलीशी जोडणारा वन्यजीवांचा वहिवाटीचा मार्ग. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, वृक्षतोडीवर मनाई आली, आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने या पट्ट्याला संवेदनशील ठरवणारी मसुदा अधिसूचना चार महिन्यांत काढावी, असा आदेश केंद्राला दिला. ठराव आणि आदेश यांच्यामध्ये एक तप उलटून गेले होते. युरोपीय उपग्रहांची जोडी २०१७ पासून दर पाच दिवसांनी या टापूचे दहा मीटरपर्यंतचे नवे चित्र विनामूल्य पुरवीत आली आहे, आणि दोडामार्गात रबर व अननस यांच्या लागवडीसाठी कोणती उतरण कोणत्या महिन्यात बोडकी झाली, हे ज्याला पाहायचे असेल त्याला त्यात तारखेनिशी पाहता येते.